भट्टीवरची नानकटाई

दिवाळीच्या फराळाचे ताट ‘घरचे आहे हो’ असे सांगूनच आपण शेजारी पाठवितो. चकली, करंजी, अनारसे यांच्या बाबतीत हे विशेषण अक्षरशः खरे असते. नानकटाईचे तसे नाही. तिचे पीठ घरचे, तूप घरचे, ते फेसणारा हातही घरचा. विस्तव मात्र बाहेरचा. ही उसनवारी आपल्या समाजाने कशी स्वीकारली, याचा मागोवा आम्हांस उद्बोधक वाटतो.

पदार्थाचे मूळ सुरतेचे मानतात. ‘नान’ म्हणजे फारसीत रोटी. ‘खताई’ या उत्तरपदाविषयी एकमत नाही. डचांनी इ. स. १६१६ च्या सुमारास सुरतेस वखार घातली. त्यांच्यासाठी पाव भाजण्याचे काम पारशी कारागिरांकडे होते आणि डच निघून गेल्यावर ती भट्टी दोटीवाला नावाच्या पारशी गृहस्थाने पुढे चालविली, अशी हकीकत सांगितली जाते. पाव आंबविण्यास ताडी वापरीत. ताडी व अंडी दोन्ही वगळून केवळ तूप, साखर व पीठ यांवर उभा राहिलेला हा पदार्थ शाकाहारी गिऱ्हाइकासही चालण्याजोगा होता. (शिवछत्रपतींच्या १६६४ व १६७० च्या स्वाऱ्यांच्या वेळी डचांची वखार सुरतेत होतीच, पण त्या लुटीत नानकटाई आल्याचे आमच्या वाचनात नाही!)

पदार्थ निर्दोष ठरला तरी भट्टी निर्दोष ठरणे सोपे नव्हते. १८९० साली पुण्यातील पंचहौद मिशनमध्ये न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक आदी प्रतिष्ठित मंडळी जमली असता त्यांच्यापुढे चहा-बिस्किटे आली. कोणी घेतली, कोणी नुसता हात लावला. गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे वर्तमानपत्रात प्रसिद्ध करविली आणि ग्रामण्य उभे राहिले. काशीस प्रायश्चित्त घेतल्याचे टिळकांनी सांगितले. रानड्यांनी ते १८९२ मध्ये घेतले. बिस्किटाचा एक तुकडा पुण्यासारख्या शहरास दोन वर्षे पुरला.

आणि त्याच पुण्यात, पुढे दोन-तीन पिढ्यांत, दिवाळी तोंडावर आली की लेकी-सुना नानकटाईचे ट्रे घेऊन बेकरीच्या दारी रांगेत उभ्या राहू लागल्या. भट्टीवाला इराणी असो, मुसलमान असो वा ख्रिस्ती, कोणी विचारीनासे झाले. हा पालट कोणत्या परिषदेच्या ठरावाने झाला नाही. आमच्या मते त्याचे बरेचसे श्रेय भट्टीच्या स्वभावाला आहे. विटांची लाकडावर पेटविलेली भट्टी पावासाठी कडक तापवावी लागते. पावाची खेप निघाली तरी ती तासन्‌तास निवत नाही. उतरती, मंद आच नानकटाईला नेमकी मानवते. तूप चांगले फेसलेले असले की ते पिठाच्या कणाकणाला वेढते, चिकटपणा धरू देत नाही, आणि मंद आचेवर गोळा हळूहळू पसरून वरून तडकतो. घरी वाळूवर पातेले ठेवून, झाकणीवर निखारे रचून हे साधणाऱ्या गृहिणी होत्या. पण पाच-सहा नगांपलीकडे त्यांची मजल क्वचितच जाई. भट्टीवाला मात्र किलोमागे ठरलेली मजुरी घेऊन सबंध आळीचे ट्रे भाजून देई. १९३७ साली डालडा बाजारात आल्यावर साजूक तुपाची चणचणही आड येईना.

त्या रांगेत एक वेगळीच देवघेव होई. नावाच्या चिठ्ठ्या खोचलेले ट्रे शेजारीशेजारी पडत. कोणाची नानकटाई बसली, कोणाची फुलली, हे लपत नसे. फराळाचे ताट घरोघर फिरण्याआधीच चव व सल्ला वाटून झालेला असे. आमच्या मंडळाच्या ज्येष्ठ भगिनी सांगतात की, या परगावी नवे बिऱ्हाड थाटल्यावर दुसरे मराठी कुटुंब पहिल्यांदा भेटले ते भट्टीवरच.

आणि हा रिवाज केवळ मराठी नव्हे. कोलकात्यात व अलाहाबादेत (आजचे प्रयागराज) नाताळच्या सुमारास ख्रिस्ती कुटुंबे मैदा, सुकामेवा घेऊन बेकरीत जातात आणि आपल्यासमोर केक करवून घेतात. कोलकात्यातील त्या भट्ट्यांवर राबणारे कारागीर पुष्कळदा मुसलमान असतात. नंतर तो केक सर्व धर्मांच्या शेजाऱ्यांकडे जातो.

आता घरोघरी ओव्हन आले. त्यात एका वेळी दहा-बारा नानकटाया निघतात. चौघांच्या घरास तेवढ्या पुरतात. मंडळाच्या दिवाळी संमेलनासाठी मात्र शे-दोनशे पानांचा हिशेब असतो. तेव्हा आमच्या भगिनी आजही पीठ मळून, ट्रे कापडाने झाकून भट्टी गाठतात. पहिला ट्रे निघाला की त्यातली चार भट्टीवाल्याच्या मुलांसाठी बाजूला काढली जातात.