भिंतीची जाडी

दिवाळीत चार पाहुणे जमले, फराळाची ताटे फिरली, की जुन्या घरांची थोरवी हटकून निघते. "आजोबांच्या वेळची भिंत आहे; खिळा ठोकून दाखवा!" असे कुणी म्हणाले की माझ्या मास्तरी जिभेवर सनावळी येते.

30 सप्टेंबर 1993. गणपती विसर्जन आटोपून लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबादकडची माणसे निजली होती. पहाटे चारच्या सुमारास किल्लारीची जमीन हादरली आणि सात हजारांहून अधिक माणसे गेली. बहुतेक आपापल्या घरांखालीच.

त्या घरांच्या भिंती दोन फूट, कुठे चार फूट रुंद. उन्हाळ्यात आत कसा गारवा! परंतु ती जाडी एकसंध नव्हती. बाहेरून एक दगडी थर, आतून दुसरा आणि मध्ये दगडमातीची भर. दोन्ही थरांना सांधणारा आरपार दगड क्वचितच घातलेला. वर माळवद, ते गळू नये म्हणून त्यावर पिढ्यान् पिढ्या मातीचे थर चढत गेलेले. जमीन हलताच भिंतीचे दोन्ही थर एकमेकांपासून फाकले आणि माळवदाचा सारा भार निजलेल्यांवर आला.

जिथे माळवद लाकडी खांब-तुळयांच्या खणांवर तोललेले होते, तिथे मात्र अनेक ठिकाणी भिंत ढासळूनही छत उभे राहिले. तीही जुनीच घरे. पण सुताराने सांधलेली.

बरे, नव्याची बाजू घ्यावी तर 26 जानेवारी 2001 आठवतो. कच्छच्या भूकंपात, तिथून दोनशेहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या अहमदाबादेत कोसळल्या त्या मुख्यतः नव्या, बहुमजली इमारती. कित्येकींचा तळमजला मोटारी ठेवण्यासाठी मोकळा सोडून वरचा डोलारा नुसत्या खांबांवर उभा केलेला. जुन्या शहरातल्या, पोळ म्हणतात त्या गल्ल्यांतली, भिंतीत लाकूड गुंफलेली घरे बरीचशी टिकली. म्हणून मी पाहुण्यांना म्हणतो, घराचे वय राहू द्या. त्याचे सांधे कसे आहेत ते सांगा.

किल्लारीच्या परिसरात पुढे 50च्या आसपास गावे नव्या जागी वसली. घरे सरळ रांगेत, भिंती बारीक, पुष्कळ ठिकाणी दारांच्या वरून सिमेंट-लोखंडाचा पट्टा फिरवलेला. पण उन्हाळ्यात घर तापते, गुरांना जागा नाही, ही राहणाऱ्यांची तक्रार. आणि ती खरीच होती. हळूहळू घरांना लागून पत्र्याचे आडोसे उभे राहिले, आणि गुरे त्यांत बांधली जाऊ लागली.