पॅरामीटरयुक्त क्वेरीचा एक्झिक्यूशन प्लॅन

क्वेरी कोणत्या मार्गाने पार पाडायची, याचा डेटाबेसने स्वतः ठरवलेला आराखडा म्हणजे एक्झिक्यूशन प्लॅन. पूर्ण टेबल वाचायचे की इंडेक्स वापरायचा, कोणते टेबल आधी जोडायचे, हे त्यात ठरते. खर्चाचा अंदाज काढून प्लॅन निवडण्याची पद्धत पॅट्रिशिया सेलिंजर आणि सहकाऱ्यांनी आयबीएमच्या सिस्टिम आर प्रकल्पातून १९७९ मध्ये मांडली. क्वेरीत थेट मूल्याऐवजी पॅरामीटर असला, तर प्लॅन बनताना ते मूल्य विचारात घेतले जातेच असे नाही. त्यामुळे पॅरामीटरच्या जागी हाताने मूल्य भरून प्लॅन पाहणे अपुरे ठरते. दिसतो तो प्रत्यक्ष चाललेल्या प्लॅनपेक्षा वेगळा असू शकतो.

जळगाव जिल्ह्याचे उदाहरण घेता येईल. महाराष्ट्रात २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकरी मोबाइलवरून पिकाची नोंद करतात. अशा नोंदींचे जिल्हाभराचे एक टेबल कल्पावे, ज्यात पिकाच्या रकान्यावर इंडेक्स आहे. कापसाच्या नोंदी मागितल्या तर टेबलाचा मोठा भाग वाचावाच लागतो, म्हणून सलग वाचन स्वस्त पडते. क्वचित घेतल्या जाणाऱ्या पिकासाठी मात्र इंडेक्स योग्य ठरतो. तालुकाही पॅरामीटर असेल तर गुंता वाढतो. केळी रावेर-यावल पट्ट्यात एकवटलेली असल्याने रावेरसाठी चांगला ठरलेला प्लॅन भडगावसाठी चांगला ठरेलच असे नाही.

पोस्टग्रेस-क्यूएलमध्ये प्रिपेअर केलेली क्वेरी पहिल्या पाच वेळा त्या त्या मूल्यानुसार प्लॅन करून चालते. त्यानंतर मूल्य न पाहता बनवलेला सामायिक प्लॅन फारसा महाग नसेल, तर तोच वापरला जातो. म्हणून क्वेरी आधी प्रिपेअर करून ‘एक्स्प्लेन एक्झिक्यूट’ चालवावे; अटीत मूल्याऐवजी डॉलर चिन्ह आणि क्रमांक दिसला तर प्लॅन सामायिक आहे, असे समजावे. २०२३ च्या १६ व्या आवृत्तीपासून सामायिक प्लॅन मूल्य न देताही पाहता येतो. ओरॅकलमध्ये ‘एक्स्प्लेन प्लॅन’ बाइंड व्हेरिएबलचे मूल्य डोकावून पाहत नाही, म्हणून चाललेल्या कर्सरचाच प्लॅन काढावा लागतो. एसक्यूएल सर्व्हरच्या प्रत्यक्ष प्लॅनमध्ये तो बनवतानाचे मूल्य आणि चालवतानाचे मूल्य अशी दोन्ही मिळतात.

यावर आक्षेप असा, की पॅरामीटरच काढून टाकले तर हा प्रश्न उरणार नाही. पण पॅरामीटर एसक्यूएल इंजेक्शनपासून संरक्षण देतात आणि तयार प्लॅन पुन्हा वापरता आल्याने दर वेळचे नियोजन वाचते. एका संथ क्वेरीसाठी हे दोन्ही सोडणे परवडत नाही. दुसरा आक्षेप, की डेटाबेस टेबलांबद्दल ठेवतो ती आकडेवारी ताजी ठेवली म्हणजे पुरे. ती आवश्यक आहेच. परंतु सामायिक प्लॅन मूल्यच विचारात घेत नसल्याने, कापूस सर्वाधिक आहे हे ठाऊक असूनही तो सरासरीवरच चालतो. तिसरा आक्षेप रास्त आहे: प्रत्यक्ष ओळी पाहण्यासाठी वापरावे लागणारे ‘एक्स्प्लेन ॲनलाइझ’ क्वेरी खरोखर चालवते. बदल करणारी क्वेरी म्हणूनच ट्रान्झॅक्शनमध्ये चालवून रोलबॅक करावी.

एकाच क्वेरीला अनेक योग्य प्लॅन असू शकतात, हे संशोधनानेही दाखवले आहे. आयआयटी मुंबईच्या अरविंद हुलगेरी आणि एस. सुदर्शन यांनी पॅरामीटरच्या वेगवेगळ्या पट्ट्यांसाठी प्लॅनचा संच आधीच काढून ठेवण्याच्या पद्धती २००२ मध्ये मांडल्या. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील नवीन रेड्डी आणि जयंत हरित्सा यांनी २००५ मध्ये कोणत्या मूल्यांना कोणता प्लॅन निवडला जातो, याच्या रंगीत आकृत्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एसक्यूएल सर्व्हरच्या २०२२ च्या आवृत्तीत एका क्वेरीसाठी मूल्यानुसार अनेक प्लॅन बाळगण्याची सोय आली. तेव्हा प्लॅन तपासणाऱ्याने सर्वाधिक आढळणारे आणि दुर्मीळ अशी दोन्ही मूल्ये घ्यावीत, क्वेरी ॲप्लिकेशन पाठवते त्याच रूपात चालवावी आणि अंदाजित ओळी प्रत्यक्ष ओळींशी ताडून पाहाव्यात. त्यांत मोठी तफावत निघाली, तर दुरुस्तीची सुरुवात तिथूनच करावी.