ट्रॅक्टरची पुढची चाकं हवेत गेली की चालकाच्या हातात किती वेळ उरतो?

उसाने खचाखच भरलेली ट्रॉली, समोर चढ आणि ट्रॅक्टरची पुढची चाकं हवेत! मागे दणदणीत गाणं. असं एखादं रील तुमच्याही फीडमध्ये कधी ना कधी आलं असेल. खाली कमेंट असते, "काय ताकद आहे राव!"

पण त्या रीलमध्ये आपण अर्धा झालेला अपघात बघत असतो. पुढचं तोंड उचललं गेल्यापासून साधारण पाऊण सेकंदात ट्रॅक्टर अशा कोनात जातो, की त्यानंतर क्लच दाबूनही उपयोग नसतो. दीड सेकंदात तो पूर्ण पालथा होऊ शकतो. धोका लक्षात येऊन पाय क्लचवर जाईपर्यंत वेळ निघून गेलेली असते. म्हणूनच ट्रॅक्टरवरची सुरक्षितता चावी फिरवण्याआधी ठरते.

ट्रॅक्टर मागे का उलटतो?

ट्रॅक्टरचं इंजिन मागची मोठी चाकं फिरवतं. ती चाकं चिखलात रुतून घट्ट बसली, तर इंजिनाचा जोर कुठेतरी जायलाच हवा. चाक फिरत नसेल तर चाकाच्या आसाभोवती ट्रॅक्टरच फिरू लागतो आणि पुढचं तोंड वर उठतं.

रुतलेल्या चाकापुढे दगड किंवा लाकडाचा ओंडका टाकून जोरात रेस करण्याची सवय म्हणूनच घातक आहे. आधी चाकापुढचा आणि मागचा चिखल फावड्याने काढा, मग हळूच रिव्हर्समध्ये बाहेर यायचा प्रयत्न करा. तरीही निघाला नाही, तर दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढा. ओढताना साखळी किंवा दोर तुटला तर तो चाबकासारखा उडतो, त्यामुळे बघ्यांना लांब ठेवा.

दुसरं कारण म्हणजे ओढ कुठे बांधली आहे. ट्रॉली किंवा ओंडका नेहमी खालच्या हुकालाच जोडायचा. हुक खाली असेल तर तोंड थोडं उचलताच हुक आणखी खाली जातो आणि ट्रॅक्टरला मागे खेचणारा जोर कमी होतो. तीच साखळी वर, टॉप लिंकच्या जागी किंवा सीटखाली आसाला बांधली, तर ती ट्रॅक्टरला थेट मागे पाडते.

कडेला उलटणं

बांधावरून जाताना किंवा वेगात वळताना ट्रॅक्टर कडेला उलटतो. वेग दुप्पट केला की वळणावर बाहेर फेकणारा जोर चौपट होतो. त्यात लोडर वर उचललेला असेल, तर सगळं वजन उंचावर गेलेलं असतं.

चर, नाला किंवा शेततळ्याच्या काठाजवळ एक सोपा नियम पाळा. खड्डा जितका खोल, निदान तितकं अंतर काठापासून सोडा. पावसाने भिजलेल्या जमिनीत याहून जास्त.

विहिरीचा काठ तर आणखी बेभरवशाचा. ४ एप्रिल २०२५ रोजी नांदेड जिल्ह्यातल्या आलेगाव शिवारात हळदीच्या कामाला निघालेल्या मजूर महिलांची ट्रॉली ट्रॅक्टरसकट विहिरीत कोसळली. सात जणींचा जीव गेला. कठडा नसलेल्या विहिरीजवळून ट्रॅक्टर नेण्यापेक्षा लांबचा रस्ता घेतलेला बरा. आणि ट्रॉली मालासाठी असते, माणसांसाठी नाही. मडगार्डवर बसलेलं पोर एका धक्क्यात मागच्या चाकाखाली जाऊ शकतं, हेही विसरू नका.

छत असलं म्हणजे वाचलो का?

नाही. ऊन लागू नये म्हणून लावलेलं कापडी किंवा पत्र्याचं हूड ट्रॅक्टरचं वजन पेलत नाही. पेलतो तो रोल बार, म्हणजे सीटच्या मागे चासीला पक्की बसवलेली जाड पोलादी कमान. ट्रॅक्टर उलटला तरी या कमानीमुळे चालकाभोवती थोडी जागा शिल्लक राहते. स्वीडनने १९५९ मध्येच नव्या ट्रॅक्टरांना अशी चौकट सक्तीची केली आणि त्यानंतर तिथले उलटण्याचे मृत्यू झपाट्याने कमी झाले.

इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. रोल बार असेल तर सीटबेल्ट लावायचाच, नाहीतर त्या सुरक्षित जागेतून तुम्हीच बाहेर फेकले जाल. रोल बार नसेल तर बेल्ट बांधू नका. रोल बार घरी किंवा गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून बनवू नका, तुमच्या मॉडेलसाठी कंपनीने बनवलेलाच बसवा.

पीटीओ: मिनिटाला ५४० फेरे

रोटाव्हेटर किंवा मळणी यंत्र फिरवणारा पीटीओ शाफ्ट सहसा मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला ९. शाफ्टचा घेर पाव मीटर धरला, तर एका सेकंदात दोन मीटरहून जास्त कापड तो गुंडाळतो. पदर, ओढणी, उपरणं किंवा लुंगीचं टोक अडकलं, तर ओढून घ्यायला वेळच मिळत नाही. शाफ्टवरचं प्लॅस्टिकचं कव्हर काढू नका. अडकलेलं गवत काढायचं असेल तर आधी पीटीओ बंद, मग इंजिन बंद, शाफ्ट थांबल्यावरच हात.

रस्त्यावर येताना

शेतात छोटं वळण घ्यायला डावा आणि उजवा ब्रेक वेगळा लागतो. रस्त्यावर मात्र दोन्ही पेडल लॉकने जोडा. नाहीतर घाईत एकच ब्रेक दाबला जातो आणि ट्रॅक्टर गर्रकन वळून उलटतो. डिझेल वाचवायला उतारावर न्यूट्रल करू नका, भरलेली ट्रॉली मागून ढकलते आणि ब्रेक पुरे पडत नाहीत. चढताना जो गिअर लागला असता, त्याच गिअरमध्ये उतरा. ट्रॉलीच्या मागे रिफ्लेक्टर हवाच. रात्री मागून येणाऱ्या मोटरसायकलवाल्याला तेवढीच खूण दिसते.

चावी फिरवण्याआधी

- ओढ खालच्या हुकालाच जोडली आहे का?
- रस्त्यावर जायचं असेल तर ब्रेक जोडले आहेत का?
- पीटीओचं कव्हर जागेवर आहे का?
- मडगार्डवर, हुकावर, ट्रॉलीत कुणी बसलं नाही ना?
- उतरताना अवजार जमिनीवर टेकवलं, हँडब्रेक लावला, चावी काढली का?

ऑक्टोबर २०२३ मध्ये पंजाबात एका मेळ्यात स्टंट करताना एका तरुणाचा स्वतःच्याच ट्रॅक्टरखाली जीव गेला. त्यानंतर तिथल्या सरकारने ट्रॅक्टरच्या स्टंटवर बंदी घातली.

पुढच्या वेळी हवेत चाकं असलेलं रील समोर आलं, तर लाईक करण्याआधी ते पाऊण सेकंद आठवा. आणि घरात, गावात कुणी ट्रॅक्टर चालवत असेल, तर त्याच्याशी या पाच प्रश्नांवर एकदा नक्की बोला.