हवामान आधारित फळपीक विमा योजना

हवामान आधारित फळपीक विमा योजना ही प्रतिकूल हवामानामुळे फळबागांच्या होणाऱ्या नुकसानीपासून शेतकऱ्यांना आर्थिक संरक्षण देणारी योजना आहे. भारतात हवामान आधारित पीक विमा २००७ मध्ये प्रायोगिक स्वरूपात सुरू झाला व २०१६ मध्ये त्याची पुनर्रचना झाली. महाराष्ट्रात मोसंबी, डाळिंब, केळी इत्यादी फळपिकांसाठी ही योजना मृग व आंबिया बहारांत राबवली जाते.

कार्यपद्धती

योजना महसूल मंडळनिहाय राबवली जाते. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्याच्या सिल्लोड तालुक्यातील अजिंठा हे असे एक मंडळ आहे. पाऊस, तापमान, आर्द्रता इत्यादींच्या मर्यादा पीकनिहाय ठरवलेल्या असतात. हवामान केंद्राच्या नोंदीत मर्यादा ओलांडली गेल्यास भरपाई देय होते; त्यासाठी बागेची पाहणी करावी लागत नाही.

मर्यादा

केंद्रावरील व बागेतील पाऊस सारखाच असेल असे नाही. अजिंठ्यासारख्या डोंगराळ भागात ही तफावत वाढू शकते. परिणामी नुकसान होऊनही भरपाई न मिळणे किंवा नुकसान नसताना ती मिळणे संभवते. विमा हप्त्याचा दर पूर्वीच्या हवामान नोंदींच्या आधारे काढला जातो. हवामान बदलामुळे अतिवृष्टी वारंवार होऊ लागल्यास केवळ जुन्या नोंदींवरून काढलेला जोखमीचा अंदाज अपुरा ठरतो.