टपावरची जागा

लंडनच्या टूर बसमध्ये सगळ्यात आधी भरते ती वरच्या मजल्यावरची पहिली रांग. बस थांब्याला लागते न लागते तोच मुलं जिन्याकडे धावतात, आणि मागून आई-वडील पाण्याच्या बाटल्या, स्वेटर आणि छत्र्या सांभाळत चढतात. खालचा मजला बंदिस्त आणि उबदार असतो, तिथे पाऊसही लागत नाही. तरी तो अर्धाअधिक रिकामाच राहतो. उघड्या टपावर बसून थंडी-वारा खाण्यासाठी माणसं खुशीने भरपूर पैसे मोजतात. या हौसेची वंशावळ काढायला बसलं की एक मजेदार गोष्ट दिसते. पावणेदोनशे वर्षांपूर्वी हीच जागा निम्म्या भाड्यात मिळत होती, आणि घरातल्या बायकांनी तिथे चढावं अशी सोयच ठेवलेली नव्हती.

ठरलेल्या मार्गावर, ठरलेल्या भाड्यात, अनोळखी लोकांनी एकाच गाडीत बसून जायचं ही कल्पना पॅरिसची. तिचा जनक गणितज्ञ ब्लेझ पास्कल. १८ मार्च १६६२ रोजी पाच सू भाड्याच्या त्याच्या घोडागाड्या सुरू झाल्या. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पास्कल वारला. गाड्या साधारण पंधरा वर्षं चालल्या आणि बंद पडल्या. शहराच्या न्यायपीठाने शिपाई, नोकरचाकर आणि अंगमेहनतीची कामं करणारे यांना त्यांत बसायला मनाई केली होती. कोण कुठे बसणार हा प्रश्न सार्वजनिक गाडीला असा पहिल्या दिवसापासून चिकटला, आणि टपाची सगळी कथा त्याच प्रश्नाची आहे.

लंडनच्या बसचा मूळपुरुष जॉर्ज शिलिबियर. गाड्या बांधण्याचा त्याचा धंदा होता आणि काही काळ तो पॅरिसमध्ये काम करून आला होता. लंडनला परतल्यावर १८२७ मध्ये स्टोक न्यूइंग्टनमधल्या क्वेकर पंथीयांच्या मुलींच्या शाळेने त्याच्याकडून पंचवीस जणी बसतील अशी लांबलचक घोडागाडी बांधून घेतली. जगातली पहिली स्कूलबस म्हणून तिचा उल्लेख होतो. म्हणजे लंडनची सार्वजनिक घोडाबस (ओम्निबस) सुरू होण्याआधीच शिलिबियरच्या गाडीत शाळकरी मुली बसत होत्या! ४ जुलै १८२९ रोजी त्याने पॅडिंग्टन ते बँक ऑफ इंग्लंड अशी सेवा सुरू केली. शेजारी-शेजारी जुंपलेले तीन घोडे, आत बावीस उतारू आणि पूर्ण अंतराला एक शिलिंग भाडं. मजुराला हे परवडणारं नव्हतं, पण भाड्याच्या खासगी गाडीपेक्षा स्वस्त होतं. धंद्यात मात्र शिलिबियरचं दिवाळं निघालं. पुढे त्याने शवपेटी आणि शोक करणारे नातेवाईक यांना एकत्र नेणारी गाडी बांधली आणि अंत्यविधीच्या व्यवसायात शिरला. बसच्या इतिहासात इतकं उदास विनोदी पान दुसरं नसेल.

शिलिबियरच्या गाड्यांना सुरुवातीला एक मोठी अडचण होती. शहराच्या मध्यभागात रस्त्यावरून उतारू उचलायचा हक्क भाड्याच्या घोडागाडीवाल्यांकडे राखून ठेवलेला होता. १८३२ च्या कायद्याने ती मक्तेदारी मोडली, आणि ओम्निबसला वाटेत कुठेही थांबून माणसं चढवता-उतरवता येऊ लागली. आज टूर कंपन्या ‘हवं तिथे उतरा, मागच्या बसने पुढे जा’ अशी जाहिरात करतात ती सोय कुणा विपणन अधिकाऱ्याच्या डोक्यातून निघालेली नाही. तिचं मूळ या रूक्ष कायद्यात आहे.

माणसं टपावर पोचली ती मात्र गर्दीमुळे. आत जागा संपली की धीट उतारू हाकणाऱ्याच्या शेजारी किंवा छतावर बसत. गाडीवाल्यांनी ही धिटाई विकायला काढली. १८४७ मध्ये अॅडम्स कंपनीने उंच छताची गाडी बांधली आणि छतावर बसणाऱ्यांना निम्मं भाडं लावलं. मग आलं १८५१. हाइड पार्कमध्ये काचेचा महाल उभा राहिला, आणि मे ते ऑक्टोबर या साडेपाच महिन्यांत साठ लाखांवर लोकांनी तिथलं जागतिक प्रदर्शन पाहिलं. त्यात खेड्यापाड्यांतून पहिल्यांदाच राजधानीत आलेली कुटुंबं होती. थॉमस कुकने रेल्वेने त्या प्रदर्शनाला दीड लाखाच्या आसपास माणसं आणली असं सांगतात. हा कुक बाप्टिस्ट आणि कट्टर दारूबंदीवाला. १८४१ मध्ये त्याने लेस्टरहून लफबरोला सुमारे पाचशे माणसांची सहल काढली होती ती दारूबंदीच्या सभेसाठी. गुत्त्याऐवजी गाडी, असा त्याचा सरळ हिशेब होता. रविवारच्या शाळांतल्या मुलांनाही त्याने सहलींना नेलं. मुलांना घेऊन शहर पाहायला जाणं हा श्रीमंतांचा शौक न राहता सुटीतला कार्यक्रम झाला, यात या माणसाचा वाटा मोठा आहे. त्याच्या आधी युरोप ‘बघायला’ जात ते सरदार-जमीनदारांचे मुलगे. सोबत शिक्षक, मागे नोकर, आणि परत यायची घाई नाही. मुली घरीच.

प्रदर्शनाच्या त्या उन्हाळ्यात लंडनच्या ओम्निबसवाल्यांनी मिळेल त्या गाडीच्या छतावर फळ्या ठोकल्या. छताच्या मधोमध लांब बाक आणि त्यावर पाठीला पाठ लावून दोन्ही बाजूंना तोंड करून बसलेले पुरुष, ही रचना पुढे तीस वर्षं टिकली. वर चढायला जिना नव्हता. गाडीच्या मागच्या बाजूला लोखंडी पट्ट्या ठोकलेल्या असत, त्यांवर पाय देत चढायचं. पायघोळ झग्यातल्या बाईला ते अशक्य, आणि प्रयत्न केलाच तर लोकलज्जा आडवी यायची. त्यामुळे टप हे कारकुनांचं, दुकानातल्या नोकरांचं आणि उनाड पोरांचं राज्य झालं. आत मखमली गादीवर गुडघ्याला गुडघा लावून, गुदमरत बसायचं ते सभ्य लोकांनी. शहराचं खरं दर्शन मात्र वरच्यांनाच घडत होतं, तेही निम्म्या पैशांत.

प्रदर्शन संपलं, गर्दी ओसरली आणि गाड्यांची संख्या उतारूंपेक्षा जास्त झाली. भाड्यांची कापाकापी सुरू झाली आणि छोटे मालक गाड्या विकू लागले. १८५५ मध्ये फ्रेंच भांडवलावर पॅरिसमध्ये स्थापन झालेल्या एका कंपनीने या गाड्या झपाट्याने विकत घेतल्या. पुढच्याच वर्षी लंडनच्या ८१० ओम्निबसपैकी ६०० तिच्या होत्या. लाल बस ही इंग्रजांची खास ओळख मानली जाते, पण तिला मोठी करणारी कंपनी मुळात फ्रेंच होती हे टूरवरच्या निवेदनात सहसा येत नाही.

टपाचं नशीब पालटलं १८८१ मध्ये. लंडन रोड कार कंपनीने वळणदार जिना बसवला आणि टपावर पुढे तोंड करून बसायचे दोघादोघांचे बाक मांडले, बागेत असतात तसे. जिना आला आणि बायका वर आल्या. बायकांचा हात धरून मुलंही आली. चढणाऱ्या बाईचे घोटे रस्त्यावरून दिसू नयेत म्हणून कठड्याला फळ्या ठोकल्या गेल्या, आणि लवकरच त्या फळ्यांवर साबण, कोको, डब्यातलं दूध यांच्या जाहिराती झळकू लागल्या. शालीनतेच्या नावाखाली उभारलेली भिंत इतक्या सहजपणे जाहिरातीला भाड्याने दिली गेली, हे मला त्या शहराच्या स्वभावाला धरूनच वाटतं. पाऊस आला तर मांड्यांवर ओढून घ्यायला बाकांनाच मेणकापडी पडदे जोडलेले असत. आजच्या टूर बसवर वाटतात ते पातळ प्लॅस्टिकचे रेनकोट त्यांचेच वारस, फक्त त्या पडद्यांइतके टिकाऊ नाहीत. लंडन पाहायचं तर बसच्या टपावरून, असं पंतप्रधान ग्लॅडस्टन पाहुण्यांना सांगत असत, अशी आख्यायिका आहे. ते तसं म्हणाले असोत वा नसोत, राणीच्या राज्यातल्या सर्वोच्च मंत्र्याच्या तोंडी ते शोभावं इतकी कारकुनांची ती जागा प्रतिष्ठित झाली होती.

निव्वळ सहलीसाठीची गाडी वेगळ्या घराण्यातून आली. फ्रान्समध्ये रांगेने बाक मांडलेली उघडी गाडी असे, शाराबँ. १८४४ मध्ये राजा लुई फिलिपने अशीच एक व्हिक्टोरिया राणीला भेट दिली. राजघराण्याने मुलाबाळांसह त्यात बसून हवा खायची. पुढे तीच रचना मोटारीच्या सांगाड्यावर चढली आणि गिरणी कामगारांच्या समुद्रसहलींची गाडी झाली. शाराबँ राजवाड्यातून कामगारांकडे गेली, आणि ओम्निबसचा टप कारकुनांकडून पर्यटकांकडे. आजची टूर बस या दोन्ही घराण्यांचं लेकरू आहे.

घोडे गेले, इंजिनं आली, तरी लंडनच्या बसचा टप उघडाच होता. याचं कारण हौस नव्हती. बसना परवाने देण्याचं काम पोलिसांकडे होतं, आणि वर छप्पर घातलं तर गाडी उलटेल अशी त्यांना धास्ती होती. १९१० च्या प्रसिद्ध बी टाइप बसमध्ये आत सोळा आणि बाहेर अठरा माणसं बसत. म्हणजे निम्म्याहून जास्त उतारू पावसात. छप्पर घालायची परवानगी मिळाली १९२५ मध्ये. योगायोग असा की त्याच वर्षी व्हर्जिनिया वुल्फची ‘मिसेस डॅलोवे’ प्रसिद्ध झाली. तिच्यातली सतरा वर्षांची एलिझाबेथ एकटीच बस पकडते, टपावर जाऊन बसते आणि पुढे जावंसं वाटलं म्हणून आणखी एक पेनी देऊन स्ट्रँडपर्यंत जाते. घरून कुणी पाठवलेलं नाही, कुठे पोचायची निकड नाही. लोखंडी पट्ट्यांच्या काळात तिची आजी हे करू शकली नसती. मुलींच्या शाळेसाठी बांधलेल्या शिलिबियरच्या गाडीपासून इथवर यायला शंभर वर्षं लागली होती.

छप्पर आलं तसा उघडा टप मागासलेपणाची खूण ठरला, आणि काही वर्षांत रोजच्या बसवरून नाहीसा झाला. तो परत आणला पर्यटनाने. १९५१ मध्ये, पहिल्या प्रदर्शनाला शंभर वर्षं झाल्याच्या निमित्ताने, थेम्सच्या दक्षिण काठावर फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन भरलं. त्याची जाहिरात करायला आदल्या वर्षी चार दुमजली लाल बस युरोपभर फिरवल्या गेल्या. महायुद्धातून नुकतं सावरणारं शहर स्वतःची बस पाहुण्यांच्या दारात नेऊन उभी करत होतं. फेस्टिव्हलच्याच काळात पाहुण्यांना शहर दाखवणारी बसफेरी सुरू झाली. आजची एक मोठी टूर कंपनी आपला जन्म तिथपासून मोजते. १९७० च्या दशकात या फेऱ्यांसाठी जुन्या उघड्या बस भाड्याने घेऊ लागले, आणि १९८६ नंतर रूटमास्टर जातीच्या काही चांगल्या धडधाकट दुमजली बसची छपरं चक्क कापून काढली. पोलिसांशी झगडून मिळवलेलं छप्पर साठ वर्षांनी करवतीखाली गेलं. पुढे हे लोण शहराशहरांत पसरलं. बार्सिलोनाची पर्यटक बस १९८७ ची. मग पॅरिस, रोम, प्राग. आज युरोपातलं बऱ्यापैकी नाव असलेलं प्रत्येक शहर टपावरून दाखवलं जातं.

मुलं या फेरीत काय पाहतात हे मात्र कुठल्याच कंपनीला नीट उमगलेलं दिसत नाही. कानात लावायच्या निवेदनात मुलांसाठी वेगळी वाहिनी ठेवतात, तिच्यात भुतं आणि उंदीर भरतात. मुलं दहा मिनिटांत ती काढून ठेवतात आणि डोक्यावरून जाणाऱ्या फांद्या मोजू लागतात. सिग्नलचा दिवा डोळ्यांच्या पातळीला आला की त्यांना जो आनंद होतो तो वेस्टमिन्स्टर ॲबे पाहून होत नाही, आणि त्यात त्यांचं काही चुकतं असं मला वाटत नाही. अपवाद एकच, टॉवर ब्रिज. ३० डिसेंबर १९५२ च्या रात्री अल्बर्ट गंटर हा चालक ७८ नंबरची दुमजली बस घेऊन या पुलावरून चालला असताना पुलाचा त्याच्या खालचा भाग उचलला जाऊ लागला. थांबलो तर नदीत, हे ओळखून त्याने वेग वाढवला आणि बस फटीवरून उडवून पलीकडच्या भागावर उतरवली. आत वीस उतारू होते, कोणी दगावलं नाही. गंटरला बक्षीस मिळालं दहा पौंड. ही गोष्ट पुलावर असताना सांगितली तर वरच्या मजल्यावर एकदम शांतता पसरते, आणि मग प्रश्नांचा भडिमार होतो.

मुंबईच्या वाचकाला पहिल्या रांगेचं हे वेड समजावून सांगायला नको. इथे दुमजली बस १९३७ मध्ये आली ती लंडनच्याच नमुन्यावर, आणि वरच्या मजल्यावरच्या पुढच्या खिडकीसाठी दोन बस सोडून देणारी पिढ्यान्‌पिढ्या मुलं वाढली. पर्यटन महामंडळाची ‘नीलांबरी’ ही त्या बसची उघड्या टपाची धाकटी बहीण. २०२३ च्या सप्टेंबरात जुन्या दुमजली बस आणि ऑक्टोबरात उघड्या टपाच्या बस मुंबईच्या रस्त्यांवरून गेल्या. त्यांच्या जागी आलेल्या विजेवरच्या वातानुकूलित दुमजली बसमध्ये पुढची काच आहे, वारा नाही.

लंडनला मुलांना घेऊन जाणाऱ्यांना माझा सल्ला मात्र टूर कंपन्यांना आवडणार नाही. शहराची साधी लाल बस अजून दुमजलीच आहे. अकरा वर्षांखालच्या मुलांना तिच्यात तिकीट पडत नाही, आणि मोठ्यांनी एकदा भाडं भरलं की तासाभरात हव्या तितक्या बस बदलता येतात, म्हणजे चढा-उतराची १८३२ ची सवलत अजून शाबूत आहे. २४ नंबरची बस ट्रफाल्गर स्क्वेअरवरून व्हाइटहॉलमार्गे पार्लमेंटसमोर नेते, १५ नंबरची टॉवरपासून सेंट पॉल्सवरून येते. वरची पहिली रांग दोन्हींत आहे, छपराखाली. निवेदन करायला कोणी नसतं, त्यामुळे डाउनिंग स्ट्रीटचं फाटक आलं की ‘ते बघ’ हे आपल्यालाच म्हणावं लागतं, आणि जरा आधीच, कारण २४ नंबर तिथे कुणासाठी थांबत नाही.