कुंडीतील गांडूळ : एका उपेक्षित जीवाच्या संगोपनाचा इतिहास

इ. स. १८८१ हे वर्ष बडोद्याच्या इतिहासात संस्मरणीय आहे. त्या वर्षी २८ डिसेंबर रोजी सयाजीराव महाराजांच्या हाती राज्यकारभाराची संपूर्ण सूत्रे आली. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या गावी शेतकरी कुटुंबात जन्मलेल्या या राजाने पुढे १८९३ साली अमरेली तालुक्यात आणि १९०६ साली संपूर्ण संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, हे या शहरातील विद्यार्थ्यांना सांगावयास नकोच. त्याच १८८१ सालच्या ऑक्टोबर महिन्यात लंडनमध्ये चार्ल्स डार्विन यांचे अखेरचे पुस्तक प्रसिद्ध झाले होते. त्याचा विषय होता गांडूळ. या दोन घटनांचा परस्परांशी कार्यकारणसंबंध नाही. तथापि ज्याच्याकडे कोणी पाहिलेच नाही त्याच्याकडे धीराने पाहावे, ही वृत्ती दोहोंच्या मुळाशी आहे. आजच्या विवेचनाचा विषय हीच वृत्ती असून गांडूळ हे तिचे उदाहरण आहे.

आपल्या भाषेने या जीवाचा सन्मान केलेला नाही. कणाहीन, मिळमिळीत माणसाला आपण 'गांडूळ' म्हणतो आणि त्यात तिरस्कारच असतो. अमरकोशात 'गण्डूपद' आणि 'किञ्चुलक' असे दोन शब्द आढळतात. आपला मराठी शब्द त्यांपैकी पहिल्याच्या कुळातला दिसतो. कोकणात त्याला 'काडू' असेही म्हणतात आणि आपले गुजराती शेजारी 'अळसियुं' म्हणतात. पाठ्यपुस्तकांनी त्याला 'शेतकऱ्याचा मित्र' ही पदवी बहाल केली खरी. परंतु परीक्षेच्या उत्तरपत्रिकेपलीकडे ही मैत्री फारशी गेली नाही. मनुष्याने गांडूळ प्रथम जपले ते मातीसाठी नव्हेच, ते माशांसाठी.

कोकणातील मुले पावसाळ्यात ओहोळाच्या काठी गरवावयास जातात, तेव्हा करवंटीत थोडी ओली माती घालून तीत काडू ठेवतात. माती कोरडी पडली की काडू मरते आणि मेलेल्या काडूला मासा लागत नाही, हे ज्ञान त्यांना कोणी शिकविलेले नसते. इंग्लंडमधील आयझॅक वॉल्टन यांच्या १६५३ साली निघालेल्या मासेमारीवरील ग्रंथात याच ज्ञानाची सविस्तर मांडणी आहे. गांडुळे शेवाळात ठेवावीत, शेवाळ वरचेवर बदलावे, ती मलूल दिसू लागली तर शेवाळावर थेंबथेंब दूध किंवा साय घालावी, असे तेथे सांगितले आहे. जुन्या उकिरड्यात सापडणाऱ्या पट्टेदार गांडुळाचाही त्यात निर्देश आहे. आज जगभर खतासाठी पाळले जाणारे 'आयसेनिया फेटिडा' ते हेच. गळाला लावावयाचे आमिष चार दिवस ताजे राहावे एवढाच हेतू होता. पण गांडुळाला ओलावा, सावली, हवा आणि मऊ निवारा लागतो, ही संगोपनाची चार मूलतत्त्वे त्यातून हाती आली.

या ज्ञानाला शास्त्राचे रूप देण्याचे श्रेय डार्विन यांचे. १८३७ साली, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, त्यांनी लंडनच्या भूगर्भशास्त्रीय संस्थेपुढे या विषयावर पहिला निबंध वाचला. पुस्तक आले ते चव्वेचाळीस वर्षांनंतर. मधल्या काळात त्यांनी १८४२ साली घराजवळच्या एका शेतात खडूच्या दगडाचे तुकडे पसरून ठेवले आणि एकोणतीस वर्षे वाट पाहिली. १८७१ च्या नोव्हेंबरात तेथे चर खोदला, तेव्हा पांढऱ्या तुकड्यांची ओळ जमिनीखाली सात इंचांवर आढळली. गांडुळांनी खालची माती विष्ठेच्या रूपाने वर्षानुवर्षे वर आणून टाकल्यामुळे ते तुकडे हळूहळू गाडले गेले होते. इंग्लंडच्या अनेक भागांत दर एकरी दरसाल दहा टनांहून अधिक माती गांडुळांच्या शरीरातून जाते, असा हिशेब त्यांनी मांडला. एवढ्या क्षुद्र प्राण्याकडून एवढे मोठे काम होणे अशक्य आहे, असा आक्षेप १८६९ साली एका टीकाकाराने घेतला होता. सतत घडणाऱ्या लहान क्रियांची बेरीज माणसाला करता येत नाही, हे त्या आक्षेपाचे मूळ आहे, असे डार्विन यांचे उत्तर होते.

मातीने भरलेल्या कुंड्यांत गांडुळे ठेवून त्यांनी घरातच प्रयोग केले. शिटी वाजविली, बसून नामक सुषिरवाद्याचे खर्जातील स्वर काढले, पियानो जोराने वाजविला. गांडुळे ढिम्म हलली नाहीत. मात्र त्याच कुंड्या पियानोवर ठेवून एक स्वर वाजविताच ती तत्क्षणी बिळात शिरली. गांडुळाला ऐकू येत नाही, पण कंप कळतो, हा निष्कर्ष त्यातून निघाला. कोबीची, गाजराची, कांद्याची पाने घालून त्यांनी गांडुळांची आवडनिवड तपासली. कागदाचे ३०३ त्रिकोण जमिनीवर टाकून ते कोणत्या टोकाकडून बिळात ओढले जातात हे मोजले. बासष्ट टक्के त्रिकोण निमुळत्या टोकाकडून ओढलेले निघाले. या ग्रंथात हिंदुस्थानचाही वाटा आहे. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानातील मनोऱ्यासारख्या विष्ठेचे आणि निलगिरीतील विष्ठेचे चित्र त्यात दिलेले आहे. पुस्तक निघाल्यावर सहा महिन्यांनी, १८८२ च्या एप्रिलमध्ये, डार्विन निवर्तले.

यानंतरचा टप्पा आपल्या अधिक जवळचा आहे. १९२४ साली होळकरांच्या इंदूर संस्थानात वनस्पती उद्योग संस्था स्थापन झाली आणि सर अल्बर्ट हॉवर्ड तिचे प्रमुख झाले. पालापाचोळा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि राख यांचे थर रचून, ते ठरावीक दिवसांनी वरखाली करून, सुमारे तीन महिन्यांत खत तयार करण्याची 'इंदूर पद्धत' तेथे सिद्ध झाली. १९३१ साली या पद्धतीवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला, तेव्हा मुखपृष्ठावर हॉवर्ड यांच्या जोडीने यशवंत वाड हे नाव होते. या मराठी रसायनशास्त्रज्ञाचे नाव आज किती जणांच्या कानांवर असेल? वास्तविक इंदूर पद्धतीत गांडुळाला प्रारंभी स्थान नाही. ताज्या ढिगात जंतूंच्या क्रियेने जी उष्णता निर्माण होते, तीत गांडूळ जगू शकत नाही. ढीग निवल्यावरच ते येते. तरीही १९४५ साली डार्विन यांचे पुस्तक पुन्हा छापले गेले, तेव्हा त्याची प्रस्तावना हॉवर्ड यांनीच लिहिली. घरी गांडूळखत करणारा मनुष्य आज कचरा आधी पंधरा दिवस अर्धवट कुजवितो आणि मग गांडुळांच्या स्वाधीन करतो, तेव्हा तो इंदूर आणि डार्विनचे घर यांची सांगड घालीत असतो.

अमेरिकेत मात्र गांडूळ पुन्हा गळाकडूनच मातीकडे आले. तेथे मासेमारांना आमिष पुरविण्यासाठी खोक्यांत गांडुळे वाढविण्याचा धंदा जोरात होता. १९४७ साली टॉमस बॅरेट यांनी गांडुळाला शेतीच्या कामाला जुंपण्याविषयी पुस्तक लिहिले. पुढे १९७२ साली मिशिगन राज्यातील कालामाझू येथील मेरी ॲपलहॉफ या जीवशास्त्राच्या शिक्षिकेने आमिषाच्या विक्रेत्याकडून एक पौंड गांडुळे मागविली आणि तळघरातील खोक्यात स्वयंपाकघरातला कचरा त्यांना घालण्यास प्रारंभ केला. दहा वर्षांच्या अनुभवावर १९८२ साली तिने लिहिलेल्या पुस्तकाने ही पद्धत घरोघर पोहोचविली.

भारतात १९८० नंतरच्या दोन दशकांत हे काम अनेक ठिकाणी उभे राहिले. बंगळुरूच्या कृषी विद्यापीठात डॉ. राधा काळे यांनी, चेन्नईत डॉ. सुलतान इस्माईल यांनी आणि पुण्यात डॉ. उदय भवाळकर यांनी गांडुळांवर दीर्घकाळ संशोधन केले. कोल्हापूरचे श्रीपाद अच्युत दाभोळकर यांच्या 'प्रयोग परिवारा'ने गच्चीवर, कुंडीत, पिशवीत सेंद्रिय कचऱ्यापासून माती घडविण्याचे वेड मध्यमवर्गीय घरांत नेले. उंबरगावजवळच्या देहरी येथे भास्कर सावे यांनी नैसर्गिक शेतीत गांडुळाला मानाचे स्थान दिले.

येथेच आपल्या इतिहासाला एक अनिष्ट वळण मिळाले. गांडुळाची 'बी' किलोच्या भावाने विकली जाऊ लागली. वाढलेली गांडुळे आम्हीच परत विकत घेऊ, असे आश्वासन देऊन गांडुळे विकणाऱ्या योजना अमेरिकेत १९७० नंतर बोकाळल्या होत्या. नवा ग्राहक मिळेपर्यंतच असा व्यवहार चालतो, कारण खरेदी करणारा शेवटचा मनुष्य मासेमार किंवा माळी नसून दुसरा गांडूळ पाळणाराच असतो. आपल्याकडे आश्वासनाचे स्वरूप निराळे होते. परदेशी गांडूळ शेतात सोडले की जमीन सुपीक होईल, असा समज पसरला आणि उन्हाळ्यात तापलेल्या रानात सोडलेली गांडुळे मेली.

विदर्भातील सुभाष पाळेकर यांनी या प्रकारावर कठोर टीका केली. खड्ड्यात पोसलेले 'आयसेनिया फेटिडा' हे खरे गांडूळच नव्हे, शेतकऱ्याने देशी गांडुळाला अनुकूल स्थिती निर्माण करावी, असे त्यांचे प्रतिपादन आहे. प्राणिशास्त्राच्या दृष्टीने त्यांचे पहिले विधान मान्य करता येत नाही. आयसेनिया हे निःसंशय गांडूळच आहे. दुसऱ्या विधानात मात्र मोठे तथ्य आहे. गांडुळांच्या राहणीवरून तीन प्रकार मानतात : पृष्ठभागावरील पालापाचोळ्यात राहणारी, मातीच्या वरच्या थरांत आडवी फिरणारी आणि खोल उभी बिळे करणारी. युरोपीय आयसेनिया, पश्चिम आफ्रिकेतील युड्रिलस आणि आपले देशी पेरिओनिक्स ही तिन्ही पहिल्या प्रकारची. ती खोक्यात उत्तम खत करतात; जमीन नांगरीत नाहीत. जमीन पोखरणारी गांडुळे बाजारातून आणावी लागत नाहीत. त्यांना आच्छादन, ओलावा आणि विषापासून अभय मिळाले की ती आपोआप येतात. हा भेद ज्याने खोक्याजवळ बसून पाहिला असता, त्याची फसवणूक झाली नसती.

म्हणून संगोपनाची रीत येथे थोडक्यात नमूद करतो. फुटभर खोलीचे, तळाशी छिद्रे असलेले खोके किंवा पसरट कुंडी सावलीत ठेवावी. तळाशी नारळाच्या शेंड्या व वाळकी पाने, त्यावर जुने शेण आणि मग गांडुळे घालावीत. ओलावा पिळून काढलेल्या फडक्याइतका असावा. भाज्यांची देठे, फळांच्या साली, चहाचा चोथा थोडाथोडा पुरून घालावा. तेलकट, खारट, लोणच्याचे उष्टे आणि लिंबाच्या साली घालू नयेत. मुंग्यांसाठी खोक्याच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवाव्यात. बडोद्याचा वैशाख गांडुळाला सोसत नाही. त्या दिवसांत वर ओले पोते हवेच. दोन-तीन महिन्यांत चहाच्या भुकटीसारखे, मातीच्या वासाचे खत तयार होते. ते उजेडात ढीग करून ठेवले की गांडुळे तळाशी जातात आणि वरचे खत हलक्या हाताने काढता येते. त्यात नत्र साधारण एक ते दोन टक्केच असते. त्याचे खरे मोल मातीचा पोत सुधारण्यात आहे. गांडूळ कापले की त्याची दोन होतात, ही समजूतही येथेच सोडून द्यावी. ती लिंबाच्या आकाराच्या चिमुकल्या कोषांतून वाढतात.

शहराच्या दृष्टीनेही हा प्रश्न क्षुल्लक नाही. २००० सालच्या घनकचरा नियमांत कुजणाऱ्या कचऱ्यासाठी गांडूळखताचा उल्लेख झाला, २०१६ च्या नियमांनी ओला व सुका कचरा घरातच वेगळा करण्याचे कर्तव्य नागरिकावर टाकले. नियम कागदावर येतात. सवय मात्र स्वयंपाकघरात लागावी लागते. ज्या घरात कुंडी आहे, त्या घरात ओला कचरा आपोआप वेगळा होतो, कारण त्याची वाट पाहणारे कोणीतरी असते.

शेवटी या शाळेच्या विद्यार्थ्यांना एक सूचना करावीशी वाटते. शाळेच्या आवारात, जेथे कोणी खणणार नाही अशा कोपऱ्यात, हातभर चौरस जागेवर विटेचा चुरा पसरा. वर पालापाचोळा पडू द्या. तारीख आणि जागा शाळेच्या दप्तरात शाईने नोंदवून ठेवा. तुमच्यापैकी कोणालाही त्याचा निकाल या शाळेत असेपर्यंत कळणार नाही. पुढे केव्हातरी, कदाचित तुमची मुले या बाकांवर बसत असतील तेव्हा, एखादा शिक्षक ती नोंद वाचील आणि मुलांच्या हाती पट्टी व खुरपे देऊन तो लाल थर किती खोल गेला हे मोजावयास सांगेल.