बऱ्या होत जाणाऱ्या चेहऱ्याची नोंद

जखमी चेहरा पुन्हा उभा करण्याची विद्या अठराव्या शतकात पुण्याच्या आसपास चांगलीच मुरलेली होती. तो चेहरा किती बरा झाला, हे मोजण्याची साधने मात्र फार उशिरा आली.

तिसऱ्या म्हैसूर युद्धात इंग्रज, मराठे आणि निजाम टिपूविरुद्ध एकत्र होते. इंग्रजी फौजेचे बैल हाकणारा कावसजी नावाचा मराठा शेतकरी १७९२ साली टिपूच्या कैदेत सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. सुमारे वर्षभर तो नाकाविना राहिला. पुढे पुण्याजवळ वीट पाडणाऱ्या जातीच्या एका कारागिराने त्याला नवे नाक बसवले. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने ऑक्टोबर १७९४च्या अंकात हा वृत्तांत चित्रासह छापला. ही शस्त्रक्रिया प्रत्यक्ष पाहिलेले मुंबई इलाख्याचे दोन इंग्रज डॉक्टर त्यात नावानिशी येतात, रुग्णाचेही नाव येते. ज्याच्या हातांनी हे काम केले त्याचे नाव लिहून ठेवण्याची गरज कोणाला वाटली नाही, ही या नोंदीतली सर्वांत मोठी उणीव आहे.

कृती मात्र बारकाईने दिलेली आहे. कापलेल्या नाकावर मेणाचा पातळ पत्रा बसवून नाकाचा आकार घ्यायचा, तो पत्रा सपाट करून कपाळावर ठेवायचा आणि त्याच्या कडेने रेघ ओढायची. त्या रेघेवरून कातडी सोडवताना दोन डोळ्यांच्या मधली एक चिंचोळी पट्टी तशीच राखायची, कारण रक्तपुरवठा तिच्यातूनच चालू राहतो. मग जुन्या जखमेची कड ताजी करून कातडी खाली वळवायची आणि खाचेत बसवायची. वर पाण्यात कालवलेला कात लावलेल्या कापडाच्या पाच-सहा पट्ट्या. चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजवलेले कापड लावायचे, दहाव्या दिवशी नाकपुड्या मोकळ्या राहाव्यात म्हणून मऊ कापडाचे बोळे घालायचे आणि पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास ती मधली पट्टी कापायची. उपचारांचा दिवसवार क्रम इतका ठरलेला असण्यामागे पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव असला पाहिजे. जखम बरी होण्याची चाल त्या कारागिराला ठाऊक होती; पण ती मोजण्यासाठी त्याच्याजवळ डोळा आणि बोट एवढेच होते. कावसजीचे चित्र शस्त्रक्रियेनंतर दहा महिन्यांनी काढले गेले, आणि बऱ्या झालेल्या चेहऱ्याची तेवढीच एक नोंद उरली. मासिकातला हा वृत्तांत वाचून जोसेफ कार्प्यू या शल्यविशारदाने १८१४ साली लंडनमध्ये हीच पद्धत वापरली.

कातडी जागेवर आली तरी चेहरा हलला पाहिजे, आणि तिथे प्रश्न स्नायू व मज्जातंतूंचा येतो. तोंड एका बाजूला वाकणे आणि डोळा न मिटणे ही लक्षणे आयुर्वेदात ‘अर्दित’ या नावाने, वाताच्या विकारांत सांगितलेली आहेत. चार्ल्स बेल याने १८२१ साली चेहऱ्याच्या नसांची कामे वेगळी करून दाखवली, आणि हालचाल सातव्या मज्जातंतूकडे व स्पर्श पाचव्याकडे ही समज पुढे पक्की होत गेली. फ्रान्समध्ये द्युशेन याने विजेच्या सौम्य धक्क्याने एकेक स्नायू आकसवून त्यांची छायाचित्रे घेतली. त्याचा ग्रंथ १८६२चा. स्नायू विजेने हलतो, तसाच हलताना स्वतःही सूक्ष्म वीज निर्माण करतो. चेहऱ्याची हालचाल टिपणाऱ्या आजच्या संवेदकांचा मुख्य आधार या दुसऱ्या गोष्टीवर आहे.

विसाव्या शतकात पुण्याचे नाव या विषयात पुन्हा येते. प्लास्टिक सर्जन हॅरल्ड गिलीज यांच्या हाताखाली शिकलेले डॉ. नोशीर अंतिया कोंढव्याच्या कुष्ठरोग रुग्णालयात काम करू लागले. कुष्ठरोगात गालाच्या हाडावरून जाणारी सातव्या मज्जातंतूची शाखा निकामी झाली की पापणी मिटत नाही, बुबुळ कोरडे पडते आणि दृष्टी जाऊ शकते. चावण्याच्या कामी येणारा कानशिलाचा स्नायू पाचव्या मज्जातंतूवर चालत असल्याने तो सहसा शाबूत राहतो. त्याची पट्टी पापण्यांतून ओवली की रुग्ण दात आवळून डोळा मिटू शकतो. अर्थात ही नवी सवय शिकावी लागते, आणि प्रगती कळते ती पापण्यांमधली उरलेली फट मिलिमीटरमध्ये मोजून. एका चित्रापासून आकड्यापर्यंतचा हा प्रवास साधा दिसतो, पण मोलाचा आहे.

१९८५ साली हाउस–ब्रॅकमन श्रेणी आली: पहिली म्हणजे निरोगी चेहरा, सहावी म्हणजे पूर्ण लकवा. ती सोपी असल्याने जगभर रुळली, पण एकाच चेहऱ्याला दोन डॉक्टर वेगळी श्रेणी देऊ शकतात. शिवाय ती भेटीच्या दिवसापुरतीच असते. तुटलेला मज्जातंतू दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतो, म्हणून सुधारणा महिनोन्‌महिने, कणाकणाने होते. शिरूर तालुक्यातल्या निमोण्यासारख्या गावातून पुण्याला दर काही दिवसांनी केवळ तपासणीसाठी येणे शेती-मजुरी सांभाळणाऱ्याला जड जाते, आणि मधल्या काळाची नोंदच राहत नाही.

ही पोकळी अंगावर लावायच्या संवेदकांनी भरून निघू शकते. २०११ साली अमेरिकेत जॉन रॉजर्स यांच्या गटाने कातडीसारखी लवचीक, गोंदणासारखी चिकटणारी विद्युत्-मंडले प्रसिद्ध केली. असे संवेदक कपाळ, पापणीची कड आणि गाल या ठिकाणी स्नायूंची वीज टिपतात. काही प्रकार कातडीचा ताण मोजतात. डाव्या-उजव्या बाजूंची तुलना करता येते. हसताना डोळाही आपोआप मिटणे, म्हणजे नव्याने वाढलेले तंतू चुकीच्या स्नायूला जाऊन मिळणे, हेही अशा नोंदीतून ओळखता येते आणि व्यायाम त्यानुसार बदलता येतो. अडचणीही खऱ्या आहेत: घाम, दाढी, आणि चेहऱ्याचे स्नायू इतके लहान व लगत की शेजाऱ्याचा संकेत मिसळतो. यातली बरीच साधने अजून प्रयोगशाळेतच आहेत. रुग्णालयांत आजही मुख्य भर छायाचित्रे, आरशासमोरचा व्यायाम आणि डॉक्टरांनी दिलेली श्रेणी यांवरच आहे.